सावधगिरीचा सल्ला आणि दोषाचा ठपका : वाचकांचे प्रश्न

या वेळी सांगली जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांचा विषय जवळजवळ एकच निघाला, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. गुन्हा होऊ नये म्हणून काळजी घ्यायला सांगणे कोठे संपते, आणि ज्याच्यावर गुन्हा झाला त्यालाच बोल लावणे कोठे सुरू होते, असा तो विषय आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत. उत्तरे देणाऱ्या वकीलताई सांगलीत फौजदारी वकिली करतात.

प्रश्न : माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. अनेक वर्षांपासून त्या पहाटे विश्रामबागेत नेमिनाथनगरच्या बाजूला फिरायला जातात. मागच्या महिन्यात मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी पत्ता विचारण्याचा बहाणा करून त्यांच्या गळ्यातील गंठण हिसडा मारून नेले. पोलिसांत फिर्याद दिली आहे. त्या दिवसापासून घरात मात्र दुसरा विषय नाही. "फिरायला जाताना अंगावर सोनं नको, हे शंभर वेळा सांगितलं होतं," असे सासरे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकासमोर म्हणतात, आणि माझे पतीही त्यांना दुजोरा देतात. सासूबाईंनी फिरायला जाणे बंद केले आहे. मला त्यांचे वाईट वाटते. पण सासऱ्यांचा सल्ला मुळात योग्यच होता, हेही मला पटते. मग त्याची आठवण करून देणे म्हणजे दोष देणे कसे?

उत्तर : सल्ला योग्य होता, याबद्दल दुमत नाही. पहाटे किंवा तिन्हीसांजेला निर्मनुष्य रस्त्यावर जाताना मोठा दागिना घालू नये, असे मीही माझ्या ओळखीच्या बायकांना सांगते. परंतु तेच वाक्य सासूबाई चपला घालत असताना उच्चारले तर त्याचा त्यांना काही उपयोग असतो, आणि गंठण गेल्यानंतर उच्चारले तर कोणालाच नसतो. आता त्या वाक्याने सोने वाचणार नाही की चोर सापडणार नाहीत. त्याने एवढेच होते की, ज्या दोन अनोळखी माणसांवर राग काढता येत नाही त्यांच्याऐवजी तो समोर बसलेल्या बाईवर निघतो. आपल्या सासऱ्यांना मी कठोर मनाचे समजत नाही. आयुष्यभराच्या कमाईतून केलेला दागिना गेला आहे, पत्नीच्या गळ्याला अनोळखी माणसाचा हात लागला आहे, आणि आपण तेथे नव्हतो याची बोच त्यांना असणार. ती बोच त्यांनी पत्नीजवळ बोलून दाखवली असती, तर दोघांनाही हलके वाटले असते.

अशा बोलण्यामागे आणखी एक गोष्ट असते आणि ती शेजारपाजारच्या बोलण्यात जास्त दिसते. "तिने सोनं घातलं म्हणून गेलं" असे म्हटले की, "मी घालत नाही, म्हणजे माझं काही जाणार नाही" असा दिलासा ऐकणाऱ्याला मिळतो. हा दिलासा फसवा आहे. "पुढे खून झालाय, तपासणी चालू आहे, दागिने काढून रुमालात बांधून ठेवा," असे सांगून तोतया पोलीस भरदिवसा लुबाडतात, आणि त्यांना बळी पडणाऱ्यांमध्ये अतिशय सावधपणे वागणारी माणसेही असतात. किंबहुना पोलिसांचे ऐकावे ही त्यांची सावधगिरीच तेथे वापरली जाते. काळजी घेतल्याने धोका कमी होतो. तो पूर्णपणे टळत नाही, त्यामुळे धोका ओढवला म्हणजे काळजी घेतली नव्हती असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही.

कायद्याने हा प्रश्न अगदी स्पष्टपणे सोडवला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ मध्ये अंगावरचा ऐवज हिसकावून नेणे हा स्वतंत्र गुन्हा मानला असून त्याला ३ वर्षांपर्यंत कारावास आहे; आणि ऐवज काढण्यासाठी जाणूनबुजून दुखापत केली असेल तर ती कलम ३०९ खाली जबरी चोरी ठरू शकते, जिला १० वर्षांपर्यंत सश्रम कारावास आहे. दागिना किती मोठा होता, तो पदराखाली होता की दिसत होता, घालू नको असे घरच्यांनी बजावले होते की नाही, यांपैकी एकही शब्द या कलमांत नाही.

येथे मला अनुभवाची एक गोष्ट सांगायची आहे. अशा प्रकरणांतील फिर्यादी मी वाचते, तेव्हा कितीतरी बायकांच्या जबाबाची सुरुवात मोटारसायकलचा रंग, पुढच्याने हेल्मेट घातले होते का, मागच्याने कोणत्या भाषेत हाक मारली, अशा माहितीने होत नाही. "मी रोज घालत नाही, त्या दिवशी लग्नाला जायचे होते म्हणून घातले होते," अशा खुलाशाने होते. म्हणजे पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधीच घरात त्यांची उलटतपासणी झालेली असते, आणि आठवणीतला जो भाग तपासाला हवा असतो तो त्या गोंधळात विरून जातो. गळ्यावर दोराच्या वळासारखा उठलेला लाल व्रण कित्येक जणी पदराने झाकतात. कारण तो दिसला की पुन्हा तोच विषय निघणार असतो. त्याच व्रणाची त्या दिवशी सिव्हिलमध्ये वैद्यकीय नोंद झाली, तर गुन्ह्याचे कलम बदलू शकते. सासूबाईंच्या मानेवर तेव्हा काही खूण होती का, हे त्यांना हळुवारपणे विचारा, आणि फिर्यादीत ते आलेले नसेल तर पुरवणी जबाब देता येतो.

आता घरी काय करता येईल ते सांगते. गंठणाची सराफाची पावती शोधा. ती नसेल तर एखाद्या कार्यातील, गळ्यात ते गंठण स्पष्ट दिसणारा फोटो तपास अधिकाऱ्याकडे द्या, कारण ऐवज हस्तगत झाला तर तो न्यायालयाच्या आदेशाने परत मिळतो आणि त्या वेळी तो आपलाच आहे हे दाखवावे लागते. ओळखपरेडसाठी बोलावणे आले तर त्यांच्यासोबत कोणीतरी जा. फिरणे शक्य तितक्या लवकर पुन्हा सुरू व्हावे, आणि काही दिवस सासऱ्यांनीच त्यांच्यासोबत जावे, असे मी आग्रहाने सुचवते. त्या वेळी गळ्यात काय घालायचे हे त्यांना ठरवू द्या. त्या पिढीतील बहुतेक स्त्रियांच्या दृष्टीने मंगळसूत्र काढून ठेवणे ही क्षुल्लक गोष्ट नसते. ते काढायचे, बारीक पोत घालायची की आहे तसेच जायचे, याचे मोल त्यांना द्यावे लागणार आहे, म्हणून निर्णयही त्यांचाच असला पाहिजे. त्या रस्त्यावरचे दिवे बंद असतील तर महानगरपालिकेकडे लेखी अर्ज करा आणि पहाटे फिरणाऱ्या दहा-पाच जणांच्या सह्या घ्या. सावधगिरीची सगळी जबाबदारी एका वृद्ध बाईच्या गळ्यात घालून बाकीच्यांनी मोकळे होऊ नये.

प्रश्न : मी मिरजेचा एक निवृत्त मुख्याध्यापक आहे. बँकेचे केवायसी बंद होणार असल्याचा फोन आला, आणि मी गडबडीत ओटीपी सांगितला. खात्यातून २ लाख ४० हजार रुपये गेले. मी आठवडाभर ही गोष्ट कोणालाच सांगितली नाही. शेवटी मुलाला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "शिकलेल्या माणसाला एवढं कळू नये?" बँकेतूनही "ओटीपी तुम्हीच दिलात" असे सांगण्यात आले. चूक माझीच असेल तर तक्रार करण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर : अर्थ आहे, आणि तक्रार आजच करा. १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करून व्यवहाराचा दिनांक, वेळ, रक्कम आणि व्यवहार क्रमांक सांगा, राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तक्रार भरा आणि तिची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात जा. या यंत्रणेतून संबंधित बँकांना सूचना जाते आणि चोरलेली रक्कम ज्या खात्यांतून पुढे सरकत असते, तेथे ती गोठवण्याचा प्रयत्न होतो. पैसे काही तासांतच एका खात्यातून दुसऱ्यात आणि तेथून एटीएममधून बाहेर जातात, म्हणून पहिल्या तासांची किंमत फार मोठी असते. आपल्या बाबतीत तो वेळ गेला आहे. तरीही त्याच टोळीच्या खात्यांत इतरांचे पैसे अडकलेले असू शकतात आणि आपल्या तक्रारीने ती साखळी जोडली जाते.

बँकेचे म्हणणे कितपत बरोबर आहे, हे नीट पाहू. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असा नियम घालून दिला की, ग्राहकाने ओटीपीसारखी गुप्त माहिती स्वतःहून दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, आणि कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकली आहे. म्हणजे आपला निष्काळजीपणा हा मुद्दा आपण आणि बँक यांच्यातील हिशेबात येतो, कारण चोरी या दोघांपैकी कोणीच केलेली नाही आणि खड्डा कोणाच्या खिशातून भरायचा एवढाच तेथे प्रश्न आहे. लेखी तक्रारीला बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

आपण आणि तो भामटा यांच्यातील हिशेब मात्र पूर्णपणे वेगळा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा घडण्यासाठी कोणीतरी फसावे लागते. आपण विश्वास ठेवलात, म्हणूनच तो गुन्हा पूर्ण झाला. जी गोष्ट गुन्ह्याचाच घटक आहे, ती गुन्हेगाराची सबब कशी होईल? अशा टोळ्या दिवसभर हेच काम करतात, त्यांच्याकडे बोलण्याचा मजकूर तयार असतो, आणि समोरच्याला विचार करायला उसंत मिळू नये म्हणून "आज संध्याकाळी खाते बंद होईल" अशी घाई लावली जाते. शिक्षणाचा येथे फारसा संबंध नाही.

पुढचे चार शब्द आपल्या मुलासाठी आहेत, आणि आई-वडील गावी राहत असलेल्या प्रत्येक मुलामुलीसाठी आहेत. तुमचे वडील आठवडाभर गप्प का राहिले, याचा विचार करा. त्यांना भामट्याची भीती नव्हती, तुमच्या त्या वाक्याची होती. अशा गुन्हेगारांचे अर्धे भांडवल हेच असते की, फसलेला माणूस लाजेने तोंड उघडणार नाही. म्हणून ओटीपी कोणाला देऊ नका, अनोळखी लिंक उघडू नका, भामटे फोनवरून धमकावतात तो डिजिटल अटक नावाचा प्रकार कायद्यात नाही, हे सगळे आई-वडिलांना जरूर सांगा, पण त्याआधी हे सांगा की, "काहीही झालं तरी पहिला फोन मला करा, मी रागावणार नाही." आणि वेळ आली की खरोखरच रागावू नका. पैसे वाचवण्याच्या दृष्टीने याहून उपयोगी सावधगिरी मला ठाऊक नाही.

प्रश्न : माझी मुलगी सांगलीत महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे आणि तासगाव रस्त्यावरच्या आमच्या गावाहून रोज एसटीने ये-जा करते. एक मुलगा त्याच गाडीत चढतो, तिच्या मागच्या बाकावर बसतो, कॉलेज कॉर्नरपासून तिच्या मागे चालतो आणि वेगवेगळ्या क्रमांकांवरून तिला मेसेज पाठवतो. तिने ही गोष्ट आईला तीन महिन्यांनी सांगितली. मी तिला एका शब्दाने बोललो नाही. फक्त महाविद्यालय बंद करून बहिःस्थ परीक्षा द्यावी, असे सुचवले. यावर ती म्हणते, "चूक त्याची आणि शिक्षा मला का?" मी दोष देत नाही, काळजी घेतो आहे, हे तिला कसे समजवावे?

उत्तर : आपली काळजी खरी आहे, हे पत्राच्या ओळीओळीत दिसते. तरीही तिचा प्रश्न बरोबर आहे, आणि तो तिने आपल्याला विचारला ही समाधानाची गोष्ट आहे. दोष शब्दांनीच दिला जातो असे नाही. या प्रकरणात कोणाचे काय गेले, ते पाहा. त्या मुलाची गाडीतील जागा गेलेली नाही, त्याचे शिक्षण थांबलेले नाही, संध्याकाळी कट्ट्यावर बसणे थांबलेले नाही. तिचे मात्र वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय, मैत्रिणी आणि सकाळची गाडी हे सगळे एकदम जाणार आहे. ज्या उपायाची सगळी किंमत त्रास सोसणाऱ्यानेच मोजायची आणि त्रास देणाऱ्याला त्याची झळही लागायची नाही, तो उपाय काळजीपोटी सुचवलेला असला तरी तिच्यासाठी शिक्षाच ठरतो.

त्याचा परिणाम आपल्या घरापुरताही राहत नाही. गावातील लहान मुली हे पाहत असतात. सांगितले की कॉलेज बंद होते, एवढे त्यांच्या लक्षात राहते. आपल्या मुलीने तीन महिने का लपवले, याचे उत्तरही बहुधा यातच आहे. तिच्या आधी कोणाची तरी शाळा अशीच सुटलेली तिने पाहिली असेल.

तिचे काही न हिरावणारी सावधगिरी पुष्कळ आहे आणि ती अवश्य घ्यावी. तिने मैत्रिणींसोबत प्रवास करावा, वाहकाजवळच्या बाकावर बसावे, गाडी चुकली किंवा उशीर झाला तर घरी कळवावे. त्या मुलाला एकदाच, स्पष्ट शब्दांत आणि लेखी मेसेजने "मला संपर्क करू नकोस" असे कळवावे आणि त्यानंतर एकाही मेसेजला उत्तर देऊ नये. परंतु एकही मेसेज पुसू नये. क्रमांक, दिनांक आणि वेळ दिसेल अशी छायाचित्रे काढून ती आपल्या मोबाईलवरही ठेवावीत. कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीला, कोठपर्यंत तो मागे आला याची टिपणे एका वहीत ठेवावीत. हे सगळे पुरावा म्हणून लागते, कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये स्त्रीने स्पष्टपणे नकार दर्शवूनही वारंवार पाठलाग करणे किंवा संपर्क साधणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

पहिल्या वेळचा गुन्हा जामीनपात्र आहे, हे आपल्यापासून लपवून ठेवणे योग्य होणार नाही. तक्रार झाली की तो लगेच तुरुंगात जाईल अशी अपेक्षा ठेवू नका, आणि म्हणूनच पुढचे काही आठवडे आपणच तिच्यासोबत गाडीने या. वडील रोज मागच्या बाकावर बसलेले दिसले की पुष्कळ गोष्टी न बोलता स्पष्ट होतात. पोलीस ठाण्यात फिर्याद द्या, जिल्हा पोलिसांच्या निर्भया पथकाला कळवा. तो मुलगा त्याच महाविद्यालयाचा असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत तक्रार समिती असणे बंधनकारक आहे. प्राचार्यांकडे लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या. आगार व्यवस्थापकांनाही गाडीच्या वेळेसह एक अर्ज द्या. एवढे सगळे केल्यावर मुलीला काही समजवण्याची गरज उरणार नाही.

प्रश्न : मी कुपवाड एमआयडीसीत लघुउद्योजक आहे. कुलूप न लावता घर सोडले आणि चोरी झाली, तर आपण त्या माणसाला निष्काळजी म्हणतोच. मग रात्री उशिरा एकटीने फिरणाऱ्या मुलीबद्दल तसे म्हटले, की लगेच पीडितेला दोष दिला असा ओरडा का होतो? उद्या पोलिसांनी सावधगिरीचे फलकही लावायचे नाहीत का?

उत्तर : फलक लावावेत, आणि अधिक चांगले लावावेत. धोक्याची माहिती दडवून कोणाचेही भले होत नाही. आपल्या उरलेल्या युक्तिवादाशी मात्र मी सहमत नाही, आणि आपण तो मनापासून मांडला आहे म्हणून सविस्तर उत्तर देते.

कुलपाचेच उदाहरण घेऊ. कुलूप लावले नाही याबद्दल आपण शेजाऱ्याला निष्काळजी म्हणाल, कदाचित विमा कंपनीही म्हणेल. मोटार अपघाताच्या दाव्यात तर जखमी माणसाच्या स्वतःच्या हयगयीच्या प्रमाणात भरपाई कमी होते. हे सगळे पैशाच्या वाटणीचे हिशेब आहेत. चोरावर खटला चालतो तेव्हा यांपैकी काहीच उपयोगाला येत नाही. राहत्या घरातील चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली ७ वर्षांपर्यंत कारावास आहे आणि दार उघडे होते म्हणून त्यातले एक वर्षही कमी करा, असे कोणी चोर म्हणू शकत नाही. म्हणजे ज्या उदाहरणावर आपला मुद्दा उभा आहे, तेथेही गुन्ह्याचा भार मालकाकडे सरकत नाही.

त्यापुढे असे की, मुलगी ही कुलपाविना ठेवलेली वस्तू नव्हे. कुलूप लावायला काही क्षण लागतात आणि त्यासाठी काहीही सोडावे लागत नाही. रात्री बाहेर पडू नको, या सल्ल्यात सिव्हिलमधील परिचारिकेची रात्रपाळी, आपल्याच एमआयडीसीतील दुसऱ्या पाळीच्या कामगार स्त्रियांची मजुरी आणि उशिराच्या गाडीने उतरणाऱ्या विद्यार्थिनीची परीक्षा सोडावी लागते. आपल्या कारखान्यात स्त्रिया काम करत असतील, तर पाळी सुटल्यावर त्यांना घरापर्यंत वाहन मिळते का, ही सावधगिरी आपल्या हातात आहे. आणि ती त्यांना सल्ला देण्याहून कितीतरी अधिक परिणामकारक आहे.

शिवाय हा सल्ला वस्तुस्थितीलाही धरून नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असल्याचे वर्षानुवर्षे दिसते. तो नातेवाईक, शेजारी, मित्र किंवा कामाच्या ठिकाणचा कोणी असतो. अंधारी वाट आणि अनोळखी माणूस एवढ्याचीच भीती घालून आपण मुलींना खऱ्या धोक्याबद्दल गाफील ठेवतो. ओळखीच्या माणसाने त्रास दिला की आपण ठरलेला एकही नियम मोडला नव्हता, मग हे झालेच कसे, अशा संभ्रमात त्या गप्प राहतात.

आपण ज्याला ओरडा म्हणता, त्यामागे मोठा इतिहास आहे आणि तो बराचसा महाराष्ट्राचाच आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांकडून अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. सत्र न्यायालयाने तिच्या पूर्वीच्या वागण्यावर बोट ठेवून आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाने दोषी ठरवले, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत यावर भर देऊन त्यांना पुन्हा निर्दोष सोडले. १९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. तरीही १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम १५५ चे एक पोटकलम पुढे वीस वर्षे तसेच राहिले. बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची आहे, असे दाखवण्याची मुभा ते आरोपीला देत होते. ते २००३ मध्ये रद्द झाले. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सर्व न्यायालयांना असे बजावावे लागले की, जामिनाच्या आदेशात पीडितेचे कपडे, वागणूक किंवा पूर्वायुष्य यांची चर्चा येता कामा नये. रस्त्यावर सहज उच्चारलेले "एवढ्या रात्री ती तिथे गेलीच कशाला" हे वाक्य आणि त्या जुन्या निकालपत्रांतील तर्क एकच आहेत, आणि त्या तर्काने प्रत्यक्ष आरोपी सुटलेले आहेत. म्हणून आम्ही इतक्या कळकळीने बोलतो.

फलकाबद्दल एवढेच सुचवते की, त्यावर गुन्हेगार काय करतो आणि पोलीस काय करत आहेत, हे लिहिलेले असावे. "महिलांनी दागिने घालून फिरू नये" असे लिहिण्याऐवजी "या रस्त्यावर पत्ता विचारण्याच्या बहाण्याने दागिने हिसकावले जातात, गाडीपासून दूर थांबून उत्तर द्या, संशय आल्यास ११२ वर कळवा, पहाटे गस्त असते" असे लिहिले, तर वाचणाऱ्याला अधिक माहिती मिळते आणि कोणावर आगाऊ ठपकाही बसत नाही. गस्तीचे लिहिले की ती घालावीही लागते, हा आणखी एक लाभ.

प्रश्न : मी जत तालुक्यातील आहे आणि कारखान्यात कामाला आहे. रात्री उशिराच्या रेल्वेने उतरून स्थानकाबाहेर चालत येताना तिघांनी मला मारहाण करून मोबाईल आणि पगाराचे पैसे नेले. पोलीस ठाण्यात मला विचारले, "एवढ्या रात्री तिथं काय करत होतास, प्यायला होतास काय?" तक्रार न घेता त्यांनी लोहमार्ग पोलिसांकडे पाठवले आणि त्यांनी परत इकडे पाठवले. मित्रही हसतात. मी काय करावे?

उत्तर : मित्रांचे हसणे मनावर घेऊ नका, तिघांनी घेरल्यावर कोणीही तेच केले असते. वेळ, जागा आणि दिशा विचारणे हे पोलिसांचे काम आहे आणि त्यांची उत्तरे नीट द्यावीत. तिथे कशासाठी होतात असे विचारले, तर "गाडीतून उतरून घरी निघालो होतो" हे एक वाक्य पुरेसे आहे, आणि तेच फिर्यादीत लिहून घ्यायला सांगा. मद्य घेतले असेल तर ते खोटे नाकारू नका, कारण त्याने जबरी चोरीचा गुन्हा कमी होत नाही, मात्र खोटे बोललेले पुढे उलटतपासणीत अंगाशी येते.

हद्दीचे कारण सांगून आपल्याला परत पाठवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी त्याची खबर नोंदवून घ्यावी लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात, आणि नंतर तो योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. खबर ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. नोंदीची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्या. तरीही नकार मिळाला, तर संपूर्ण हकीकत लिहून सांगलीच्या पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा. त्यानंतरही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन चौकशी करा, उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर वकील मोफत मिळेल. मार लागला असेल तर आजच शासकीय रुग्णालयात दाखवून जखमांची नोंद करून घ्या. सिम बंद करून त्याच क्रमांकाचे नवे सिम घ्या, आणि एफआयआर किंवा तक्रारीची प्रत हाती आली की संचार साथी या शासकीय संकेतस्थळावर मोबाईलचा आयएमईआय क्रमांक देऊन तो बंद पाडा. हा क्रमांक मोबाईलच्या खोक्यावर किंवा खरेदीच्या बिलावर छापलेला असतो.